कुरुंदवाड ते जेद्दाह : घड्याळाचा हिशेब

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे आमचे कुरुंदवाड. इथून कुणी उमऱ्याला निघाले की गल्लीत पहिला प्रश्न असतो, "विमानाला किती तास लागतात?" अम्मी-अब्बांची तारीख ठरली तेव्हा घरातल्या मुलांना घेऊन हा हिशेब आम्ही कागदावरच मांडला.

पृथ्वीगोलावर मुंबई आणि जेद्दाह यांच्यामध्ये दोरा ताणला. सपाट नकाशावर पट्टीने आखलेल्या रेषेपेक्षा तो किंचित उत्तरेकडे झुकतो आणि तोच जवळचा मार्ग. मग तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवून अंश मोजले. साडेएकतीसच्या थोडे वर भरले. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,५०० किलोमीटर. ताशी ८५० च्या वेगाने चार तासांहून थोडे जास्त. पण धावपट्टीवरची रांग, चढणे-उतरणे, शिवाय वर समोरून येणारा वारा. जाताना पाच तास धरावेत. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी.

मुले अडली ती घड्याळापाशी. मुंबईहून रात्री १० ला निघालेले विमान जेद्दाहला १२.३० ला उतरते, मग अडीच तासच झाले की! सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हे त्यात धरायचे राहिले होते. आपल्या घड्याळात तेव्हा पहाटेचे ३ वाजलेले असतात.

आमच्या घरी हा हिशेब नुसत्या हौसेचा नव्हता. मीकातची हद्द विमान उतरण्याआधीच, हवेतच ओलांडली जाते. अब्बांनी इहराम मुंबईतच बांधायचा ठरला. बायकांना वेगळा पोशाख नाही, पण नियत त्यांनाही हद्दीआधीच करावी लागते. विमानात घोषणा होते हे खरे. पण अम्मींना ऐकू कमी येते, आणि पहाटे अडीच ही गाढ झोपेची वेळ. म्हणून घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायचे आणि गजर २ चा लावायचा, असे ठरले. साखरेच्या गोळीचे तासही त्याच घड्याळावर. परक्या वेळेची उजळणी म्हाताऱ्या माणसांना प्रवासात कशाला?

खरा लांबचा पल्ला मात्र जमिनीवरचा! कुरुंदवाड ते मुंबई जेमतेम ४०० किलोमीटर, पण बसने अख्खी रात्र जाते. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे ते वेगळेच. तरी १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजे जात, तेव्हा एवढेच अंतर कापायला आठवड्याहून अधिक लागे. आजोबांच्या पिढीने तासांचा हिशेब कधी केलाच नाही.

घरी राहणाऱ्यांनी पहाटे तीनला फोन हातात धरून बसू नये. पासपोर्टची रांग, सामान, मग मक्क्याची बस. फोन आला तर फजरनंतरच येईल, हे आम्ही शेजारच्या खालांनाही सांगून ठेवले.