खारीचं पिल्लू आणि रात्रीचं दूध



फाल्गुनातल्या अष्टान्हिकेत मी एकही दिवस खारेपाटणच्या मंदिरात दिसले नाही, म्हणून दोघीतिघींनी फोन करून विचारलं. तब्येत बरी आहे ना, गुडघे दुखतायत का? गुडघे दुखतातच, पण कारण ते नव्हतं. कारण एकोणीस ग्रॅम वजनाचं होतं.

अष्टमीच्या दुपारी शेजारचा मुलगा ओंजळ मिटून पडवीत आला. "काकी, ह्यां बघा, चानयेचां पिल्लू." चानी म्हणजे आपली खार. त्यांच्या मागच्या विजेच्या खांबाखाली आई मरून पडली होती आणि माडाच्या बुंध्याशी हे. अंगावर लव आलेली, पाठीवर पट्टे उमटलेले, डोळे अजून मिटलेले. आणि अंगभर लाल मुंग्या.

मुंग्या झटकून टाकणं सोपं. पण मुंगीही तीन इंद्रियांचा जीव आहे आणि तिचं काही चुकलेलं नाही. नातवाचा रंगकामाचा मऊ ब्रश घेतला आणि एकेक मुंगी कागदावर उतरवून कुंपणापलीकडे सोडली. वीस मिनिटं गेली. आमचे हे म्हणाले, "तोवर ते पिल्लू राहील का?" राहिलं.

खारीचं पिल्लू आईपासून सुटलं आणि आई जिवंत असेल, तर ते उबेत ठेवून झाडाखालीच राहू द्यावं. आई येऊन तोंडात धरून परत नेते. इथे तो मार्गच नव्हता. म्हणून पहिला फोन वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर केला. वनरक्षक आले, पाहून गेले, नोंद केली. एवढं लहान पिल्लू लांब नेलं तर वाटेतच जाईल, डॉक्टरांना दाखवून इथेच सांभाळा आणि कळवत राहा, असं ठरलं. आपला शेकरू राज्यप्राणी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण अंगणातली साधी खारसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्यप्राणी आहे आणि ती घरी पाळता येत नाही, हे फार जणींना माहीत नसतं.

कणकवलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या पडवीत असं पिल्लू आलं तर उपयोगी पडेल. आधी ऊब, मग पाणी, दूध सगळ्यात शेवटी. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, पोटात नासतं. चपलेच्या खोक्यात सासूबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याच्या घड्या घातल्या, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली. जास्त ऊब लागली तर पिल्लाला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. मानेजवळची कातडी चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. तासाभराने अंग गरम झाल्यावर कोमट ओआरएसचे थेंब. सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने, पिल्लाला उभं धरून, थेंब थेंब. उताणं झोपवून कधीच पाजू नये. दूध नाकात गेलं की फुप्फुसात उतरतं. आणि पाजून झाल्यावर ओल्या कापसाने खालची बाजू हलके पुसायची. आई चाटते तेव्हाच एवढ्या लहान पिल्लांना लघवी होते, आपोआप होत नाही.

गाईचं दूध चालत नाही, जुलाब लागतात. हे मला आठ दिवस प्रत्येकाला सांगावं लागलं. कुणी दुधाची वाटी घेऊन आलं, कुणी केळं, कुणी बिस्किट. मला आदिनाथ भगवंतांच्या आहाराची कथा आठवत राहिली. ते आहारासाठी निघाले तेव्हा लोकांनी रत्नं दिली, हत्ती-घोडे दिले, सगळं भक्तीनेच दिलं, पण मुनींना काय द्यायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. कित्येक महिने असे गेले. शेवटी हस्तिनापूरच्या श्रेयांस राजाला पूर्वजन्म आठवला आणि उसाचा रस मिळाला, ती आपली अक्षयतृतीया.

डॉक्टरांनी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी लिहून दिली. डबा आणला, चष्मा लावून मागचं बारीक वाचलं, तर यादीत अंड्याची भुकटी. मैत्रिणींनो, हा डबा माझ्या स्वयंपाकघरात कसा येणार? खार रानात किडेही खाते, पक्ष्यांची अंडीही खाते, हे मला ठाऊक आहे. तिने काही व्रत घेतलेलं नाही. पण विकत घेणारा हात माझा होता. कृत, कारित, अनुमोदना आपण पाठ म्हणतो, ती अशा वेळी दुकानाच्या काउंटरवर उभी राहते. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, दुसरं काही चालेल का? ते म्हणाले, दोन दिवस शेळीचं दूध निम्मं पाणी घालून द्या, तोवर दुसरी भुकटी मिळते का बघा. कोल्हापूरच्या माझ्या अक्काने चार दुकानं फिरून अंडं नसलेला डबा शोधला आणि बसच्या ड्रायव्हरकडे दिला. नांदगाव तिठ्यावर हे रात्री साडेदहाला जाऊन घेऊन आले. दुसरा डबा मिळालाच नसता तर? तर मी पहिलाच उघडला असता आणि माझं प्रायश्चित्त मी घेतलं असतं. पिल्लाला उपाशी ठेवलं नसतं.

रात्रीचा प्रश्न याहून मोठा निघाला. माझा रात्रीच्या चारही आहारांचा त्याग आहे, लग्नाआधीपासून. पिल्लाला मात्र दर दोन तासांनी पाजायचं, रात्रीही. अकरा, एक, तीन, पाच. एका ओळखीच्या बाईंनी फोनवर विचारलंच, "आपण रात्री पाणी पीत नाही, आणि जिवाला रात्री पाजायचं? त्याचा दोष?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, म्हणून नीट उत्तर दिलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाचं खाणंपिणं रोखणं हा दोष अहिंसेच्याच व्रतात लिहून ठेवलेला आहे. त्याग माझा आहे. दूध कोमट आहे का ते मी मनगटावर बघत होते, जिभेवर नाही, एवढंच माझ्याकडे लागत होतं.

मी बी.कॉम. झाले ती नोकरीसाठी नव्हे, पण वही मांडायची सवय गेली नाही. डाव्या पानावर पोटात गेलेलं, उजव्या पानावर बाहेर आलेलं, खाली वजन, मसाले मोजायच्या काट्यावर. पहिल्या दिवशी १९ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १८, तिसऱ्या दिवशी १७. ताळेबंद बुडीतच चालला होता. तिसऱ्या संध्याकाळी श्वासाबरोबर टक टक असा बारीक आवाज यायला लागला. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ आहे, बहुधा पडला तेव्हापासूनच. औषधाचे थेंब दिले, दिवसातून दोनदा. "रात्र निघाली तर बघू."

त्या रात्री अक्काचा फोन आला. ती माझ्यापेक्षा शास्त्र जास्त जाणते. म्हणाली, "अगं, त्याला कशाला टोचतेस, पाजतेस? शांतपणे णमोकार ऐकव. जीवंधरकुमारांनी मरत्या कुत्र्याला ऐकवला, तो देवगतीला गेला. त्याचं मरण तरी सुधार." मी बराच वेळ काही बोलले नाही. कारण आमच्या आईने सल्लेखना घेतली तेव्हा आम्ही दोघी तिच्या उशाशी होतो. पाणीसुद्धा सोडलं तो दिवस मला आठवतो. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या निकालाने सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं तेव्हा मी मूक मोर्चात चालले होते, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा डोळे पुसले होते. म्हणूनच मी अक्काला म्हटलं, आईने समजून, गुरूंना विचारून, स्वतः सोडलं. या पिल्लाने काय सोडलंय? ते तर सिरिंज दिसली नाही तरी वास घेऊन तोंड उघडतंय. ज्याला जगायचं आहे त्याच्या वतीने मी त्याग करायला लागले तर तो त्याग कुणाचा? जीवंधरकुमारांजवळ त्या कुत्र्यासाठी दुसरं काही उरलं नव्हतं. माझ्याजवळ औषधाची बाटली होती.

अक्का गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, मग दोन्ही कर."

दोन्ही केलं. एक वाजता अर्धा मिली, तोही पाच मिनिटं घेऊन. तीन वाजता त्याने तोंडच उघडलं नाही. बळजबरीने घातलं असतं तर छातीत गेलं असतं, म्हणून नुसतं ओठाला ओलं लावलं, बाटलीचं पाणी बदललं, तळहातात घेऊन बसले आणि णमोकार म्हणत राहिले. कशासाठी म्हणते आहे हे मी ठरवलं नव्हतं. पाचला त्याने ओठ चाटले. पाव मिली घेतलं.

पुढे पौर्णिमेपर्यंत असंच, एक पाऊल पुढे, अर्धं मागे. शिमग्याचे ढोल दारावरून गेले तेव्हा खोकं आतल्या खोलीत, गाद्यांच्या कपाटात ठेवलं. त्या दिवशी काटा २१ वर गेला आणि टकटक थांबली होती. ह्यांनी शेजारच्या मुलाला बोलावून काटा दाखवला, जणू दहावीचा निकाल.

डोळे उघडल्यावर ते घरभर झालं. पडद्यावर चढायचं, ह्यांच्या खिशात झोपायचं. नातवंडं सुट्टीला आली आणि व्हायचं तेच झालं. "आजी, ठेवूया ना, पिंजरा आणूया, चांगला मोठा." मोठी सून म्हणाली, बाहेर मांजरं आहेत, इथे सुरक्षित तरी राहील. तिचंही खोटं नव्हतं. पण पाच अतिचारांतला पहिलाच बंध आहे, आणि तो पिंजरा मोठा असला तरी बंधच. नातीला मी एवढंच विचारलं, तुला सगळं खायला देऊन आम्ही एका खोलीत ठेवलं तर? ती रुसली, संध्याकाळपर्यंत.

अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, वनरक्षकांना कळवून, खोकं पेरूच्या झाडावर उंच बांधलं, तोंड उघडं ठेवून. पावसाच्या आत त्याला झाडाची सवय व्हायला हवी होती. पहिले चार दिवस ते रात्री खोक्यात परत यायचं. फांदीवर ठेवलेले भिजवलेले शेंगदाणे संपायचे. पाचव्या दिवशी आलं नाही, सहाव्या दिवशी आलं, मग नाही.

वहीत त्या दिवसानंतर वजनाचा रकाना कोरा आहे. सकाळी अभिषेकाची फुलं काढायला जाते तेव्हा वाडीत चार-पाच खारी पळत असतात. ह्यांना खात्री आहे की शेपटीला जरा बाक आहे तीच आपली. मला तर त्या सगळ्या सारख्याच दिसतात.