फसलेल्या अहवालाची बाजू

कृती संशोधनाचा अहवाल लांबूनच ओळखू येतो. वर पारदर्शक कव्हर, कडेला स्पायरल आणि पहिल्याच पानावर ऐसपैस शीर्षक: ‘इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांना हातच्याची बेरीज करताना येणाऱ्या अडचणींचा शोध व त्यावरील उपाययोजना’. मग प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, गरज, महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा. एवढं ओलांडून गेलं की कुठे एकदाचं मूल भेटतं. शेवटी दोन स्तंभ काढलेले असतात, पूर्व चाचणीचा बुटका आणि उत्तर चाचणीचा उंच. आधी मुख्याध्यापक आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून असे अहवाल मी भरपूर चाळले, सह्या केल्या, पुढे पाठवले. उत्तर चाचणीचा स्तंभ बुटकाच राहिलाय असा अहवाल आपणहून कोणी आणून दिल्याचं मला आठवत नाही. हातच्याच्या बेरजेला इतकं यश मिळत असेल, तर पाचवीच्या वर्गात ४७ आणि ३८ ची बेरीज ७१५ कोण लिहितं?

ही पद्धत मुळात अशी नव्हती. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली कृती संशोधनाची कल्पना मांडली ती समाजातल्या भांडणांसाठी, अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसाठी. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरीने १९५३ च्या पुस्तकात ती शाळेत आणली. म्हणणं साधं होतं: ज्याच्या वर्गात अडचण आहे त्यानेच ती नीट पाहावी, काही करून बघावं आणि जे दिसेल त्यावरून आपलं वागणं बदलावं. आपल्याकडे ही कल्पना अध्यापक विद्यालयांत आली, अभ्यासक्रमात बसली आणि तिला गुण लागले. गुण लागले की स्तंभ वाढणारच.

खरं तर आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नव्हती. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन चौथीचा वर्ग मागून घेतो आणि वर्षभर प्रयोग करतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घेऊन वर्गावर जातो आणि पोरं त्याचा पार फज्जा उडवतात. गिजुभाईंनी तो फज्जा लपवलेला नाही, पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठेवलाय. दुसऱ्या दिवशी मास्तर गोष्ट सांगायला लागतो आणि तिथून गाडी रुळावर येते. मला मात्र त्या पुस्तकात मास्तरापेक्षा शिक्षणाधिकारी जास्त महत्त्वाचा वाटत आलाय. त्याला शंका आहेत, परीक्षेचा निकालही हवा आहे, तरी तो वर्ग देतो आणि वर्षभर थांबतो. शाळा सुधारायला निघालेल्या मुख्याध्यापकाने, केंद्रप्रमुखाने, विस्तार अधिकाऱ्याने त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

माझी नोकरी सुरू झाली मेळघाटात, धारणीकडच्या एका गावात. वर्गातली सगळी मुलं कोरकू. कोरकू भाषेचं नातं मराठीशी नाही, ती मुंडारी-संतालीच्या कुळातली. पहिलीचं पोरगं माझ्यासमोर बसायचं ते परक्या देशात बसल्यासारखं, आणि सपाटीवरून आलेला शिक्षक त्याला ‘अबोल’ म्हणून मोकळा व्हायचा. आमचे मुख्याध्यापक एक दिवस सदऱ्याच्या खिशात मूठभर तुरीचे दाणे घेऊन वर्गात मागे येऊन बसले. मी प्रश्न विचारला की एक दाणा बाकावर उजवीकडे. पोरांपैकी कोणी ‘हो सर’च्या पलीकडे काही बोललं की एक दाणा डावीकडे. तास संपल्यावर ते उठले, दोन्ही ढीग मला दाखवले, दाणे माझ्याच हातात दिले आणि ‘चला, खिचडी पाहू शिजली का’ म्हणून निघून गेले. शेरेबुकात ओळसुद्धा लिहिली नाही.

उजवीकडे ढीग होता आणि डावीकडे चिमूटभर. दुसऱ्या आठवड्यापासून मी पोरांना आधी आपसात कोरकूत बोलू द्यायला लागलो. चौथीतल्या एका मुलाला मध्ये घेतलं, तो दोन्हीकडचं सांगायचा. दाण्यांची जागा हळूहळू सरकली. किती सरकली ते आज आठवत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. ध्यानात राहिलं ते एवढंच की दाणे माझ्याकडे राहिले. तेच दाणे शेरेबुकात गेले असते तर ती तपासणी झाली असती आणि मी पुढच्या वेळी पोरांना पाठ केलेली चार वाक्यं बोलायला लावून डावा ढीग वाढवला असता. मोजलेलं कोणाकडे राहतं, यावर संशोधन आणि तपासणी वेगळी होतात. वरिष्ठ झाल्यावर मी पाळलेला पहिला नियम हाच.

पुढे आंतरजिल्हा बदलीने अकोला जिल्ह्यात आलो. (आंतरजिल्हा बदलीत सेवाज्येष्ठता तिकडेच राहते, माणूस तेवढा इकडे येतो. ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.) तिथे केंद्रप्रमुख असताना माझ्या केंद्रात, अकोटकडच्या एका गावात सातवीपर्यंतची शाळा होती. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की तिथली उपस्थिती उतरायची आणि मासिक पत्रकात दरवर्षी तेच कारण जायचं: ‘पालकांचे अज्ञान व शेतीची कामे’. वऱ्हाडात कापूस वेचणीला आला की हे कारण कोणी तपासत नाही. सीतादहीची पूजा झाली, बाया वावरात गेल्या, म्हणजे पोरंही गेलीच असणार, असं सगळे धरून चालतात.

पाचवीच्या बाईंना मी एकच गोष्ट सुचवली. हजेरी दोनदा घ्यायची असते, सकाळी आणि मधल्या सुट्टीनंतर. दुपारची हजेरी पुष्कळदा खुर्चीवर बसून सकाळच्याच अंदाजाने मांडली जाते. ती तोंडं पाहून घ्यायची आणि पोरींची खूण वेगळ्या, निळ्या शाईने करायची, बस. ना चाचणी, ना प्रश्नावली. पंधरवड्यातच हजेरीचं पान बोलायला लागलं. मुलं सकाळपासून गैरहजर असली तर दिवसभर गैरहजर. मुली मात्र सकाळी येत होत्या, खिचडी खात होत्या आणि त्यानंतर निळ्या शाईच्या जागा रिकाम्या पडत होत्या, त्याही ठरावीक मुलींच्या.

बाई एका संध्याकाळी त्यातल्या एकीच्या घरी गेल्या. मीही सोबत होतो. आई नुकतीच वावरातून आलेली, अंगावर कापसाचे तंतू तसेच.

‘पोरीले दुपारी शाळेत काऊन नाही ठेवत वो?’ बाईंनी विचारलं.

‘सकाळी धाडतोच ना जी. अंगणवाडी सुटली का लहान्याले कोण पाहीन? वेचा किलोवर असते मॅडम, अर्ध्यातून उठून आली तं मजुरी कोण देईन?’

प्रश्न इथे उलगडला. अंगणवाडी दुपारी लवकर सुटत होती आणि शाळा संध्याकाळपर्यंत चालत होती. मधल्या तीन-साडेतीन तासांची आई म्हणजे पाचवी-सहावीतली पोरगी. यात अज्ञान कुठेच नव्हतं. त्या घराने हिशेब अगदी बरोबर मांडला होता.

आता उपाय. शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतली, पालकांना आवाहन केलं. माना हलल्या, दुसऱ्या दिवशी पोरी होत्या तिथेच. मग धाकट्यांना वर्गातच आणायला सांगितलं. दोन दिवसांत बाईंनी हात जोडले. एक पोरगं खडू खात होतं, दुसरं दप्तरावर झोपलं होतं आणि तिसऱ्याच्या रडण्यात भागाकार बुडाला होता. हेही फसलं. मग मुख्याध्यापकांनी वेळापत्रक हलवलं. मराठी आणि गणित खिचडीच्या आधी, चित्रकला, कार्यानुभव, खेळ नंतर. अंगणवाडीच्या मदतनीस मावशी धाकट्यांना घेऊन दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बसायला तयार झाल्या आणि ग्रामपंचायतीने सतरंजी दिली. काही मुली थांबायला लागल्या. काही शेवटपर्यंत थांबल्या नाहीत, कारण त्यांच्या घरी धाकट्याबरोबर अंथरुणाला खिळलेली आजीही होती. पण त्यांचंही गणित आता बुडत नव्हतं, कारण ते सकाळीच होऊन जात होतं.

वेळापत्रक बाईंच्या हातात नव्हतं. शिक्षक आपला पाठ बदलू शकतो, घड्याळ बदलू शकत नाही. वर्गखोली कोणाला द्यायची, सभा कधी घ्यायची, कोणतं काम कोणाच्या गळ्यात घालायचं, हे मुख्याध्यापक ठरवतो. म्हणून शाळाप्रमुखाचं कृती संशोधन शिक्षकांच्या अध्यापनावर नसावं, आपल्या ताब्यातल्या गोष्टींवर असावं. मूर्तिजापूरकडच्या एका मुख्याध्यापिकेने शिक्षक सभेच्या विषयपत्रिकेवर ‘मधल्या सुट्टीनंतरची बेशिस्त’ असा विषय लावला होता. सभेआधी चार दिवस त्या स्वतः फाटकाशी उभ्या राहिल्या. गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं, शाळेच्या बोअरचं पाणी खारट. पोरं पाणी प्यायला घरी जात होती आणि घरी गेलेलं पोरगं काही लगेच परतत नाही. नळाच्या गोड्या पाण्याची टाकी भरून ठेवायची सोय झाली आणि विषयपत्रिकेवरचा तो विषय बाईंनी स्वतःच खोडला.

अकोटकडच्या बाईंनी लावलेला शोध नवा नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुली धाकटी भावंडं सांभाळण्यात अडकतात हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. आणि या ताराबाई म्हणजे कधीकाळी आमच्या अमरावतीतच संसार केलेल्या! हे सगळं मला ठाऊक होतं. मी ते परिपत्रकासारखं टाईप करून केंद्रातल्या शाळांना वाटलंही असतं. बाईंनी ते फाईलला लावलं असतं. स्वतःच्या हजेरीच्या पानावर सापडलं म्हणून त्या ग्रामपंचायतीत जाऊन सतरंजीसाठी भांडल्या.

मग बाईंनी अहवाल लिहिला. ‘सर, पाठवायचा का? आलेख काही चांगला दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. फसलेले दोन उपाय, अर्धवट जमलेला तिसरा, न थांबलेल्या मुली, सगळं होतं त्यात. मी तो तसाच वर पाठवला. ‘उपाययोजना अपुरी, सुधारणा करून फेरसादर करावा’ असा शेरा घेऊन तो परत आला.

त्या शेऱ्याचा दोष एका माणसाचा नाही. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आला, शाळा ‘प्रगत’ म्हणून घोषित व्हायला लागल्या. २०२१ पासून निपुण भारत आहे. उद्दिष्टं चांगली आहेत, तिसरीपर्यंत मुलाला वाचता यावं आणि संख्या कळाव्यात याला कोण नाही म्हणेल? पण जिथे शंभर टक्क्यांचीच पाटी लावायची असते तिथे ‘माझ्या वर्गात हे जमलं नाही’ असं लिहायला शिक्षक धजत नाही. त्यात ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड, निवडणुकीची कामं. आणि शिक्षकाची बदली झाली की त्याने वर्षभरात जे शोधलं ते त्याच्याबरोबर जातं. नवा माणूस येऊन पहिल्या पत्रकात पुन्हा लिहितो: पालकांचे अज्ञान.

विद्यापीठातली मंडळी म्हणतात, याला संशोधन कसं म्हणायचं? नमुना एका वर्गाचा, तुलनेला दुसरा गट नाही. त्यांचं बरोबर आहे. अकोटच्या गावात जे दिसलं त्यावरून चिखलदऱ्याला काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तर गृहीतकांची आणि संख्याशास्त्राची उसनी प्रकरणं काढून टाकावीत. अहवाल चार पानांचा असावा: काय खटकलं, काय मोजलं, काय करून पाहिलं, काय झालं नाही. तो शाळेच्या कपाटात, नव्याने येणाऱ्या शिक्षकाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात आणि लगेच शिक्षण परिषदा सुरू होतात. केंद्रप्रमुख मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. यंदा पहिल्या परिषदेत यशोगाथा सांगायला कोणाला उभं करू नका. एक फसलेला अहवाल वाचायला ठेवा, जमलं तर तुमच्या स्वतःच्या कामाचा. आणि तो चहाच्या आधी ठेवा, चहानंतर कोणी थांबत नाही.