हवा न लागू देता

जनावरांच्या पोटातले जिवाणू कसे अभ्यासायचे, असे नव्या विद्यार्थ्याला विचारले की हल्ली एकच उत्तर येते: नमुना घ्यायचा, डीएनए काढायचा, सिक्वेन्सिंगला पाठवायचा. उत्तर चूक नाही. पण 'नमुना घ्यायचा' एवढे तो इतक्या सहज म्हणून पुढे जातो की त्याला तिथेच थांबवावेसे वाटते. या कामातले निम्मे यशापयश त्या घटकेलाच ठरून गेलेले असते.

गाईच्या कोठीपोटात, म्हणजे रूमेनमध्ये, शंभरेक लिटर ऐवज असतो. तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, प्राणवायू जवळजवळ नाहीच, आणि एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू. कडबा फोडण्याचे काम हे जिवाणू करतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. यांतल्या बहुतेकांना हवा म्हणजे विष.

कॅन्युला बसवलेली गाय असेल तर काम सोपे. कुशीवरचे झाकण उघडायचे, हात आत घालायचा. पण अशी जनावरे संशोधन केंद्रांवरच असतात. शेतकऱ्याच्या गोठ्यात तोंडातून नळी घालावी लागते. आमच्या गोठ्यावरचे एक मामा नळी धरता धरता दरवेळी बजावायचे, "सर, पहिली धार सोडा, ती नुसती लाळ हाय." गाईची लाळ क्षारयुक्त. ती मिसळली की सामू चढलेला दिसतो आणि जिवाणू विरळ. नळीचे टोक पोटात कुठवर पोचले यावरही निकाल बदलतो. जनावराने केव्हा खाल्ले यावर तर फारच. आंबोणापूर्वीचा नमुना आणि त्यानंतर तीन तासांनी घेतलेला नमुना एकाच गाईचे असूनही दोन गाईंचे वाटावेत.

मग गाळणे. मलमलीच्या चार पदरांतून द्रव गाळायचा, गरम पाण्याने आधीच तापवलेल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरायचा, म्हणजे वर हवेला जागा राहत नाही. फडक्यात उरलेला चोथा बहुतेक जण फेकून देतात. मला ते पाहवत नाही. तंतू पचवणारे जिवाणू तंतूलाच घट्ट चिकटून बसलेले असतात. चोथा फेकला की ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच उकिरड्यावर जातात. चोथ्यातल्या बुरशीची गोष्ट तर यासाठी सांगण्यासारखीच आहे. रूमेनच्या द्रवात शेपटीने पोहणारे काही जीव दिसत, त्यांना सगळे आदिजीव समजत. १९७५ मध्ये इंग्लंडच्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवले की ते एका बुरशीचे बीजाणू आहेत. तिचा बाकीचा देह चोथ्यात रुजलेला असतो आणि चोथा तर गाळून बाजूला काढला जायचा. हवेशिवाय जगणारी बुरशी असू शकते, हेही तोवर कोणी मानत नव्हते.

प्रयोगशाळा जवळ नसली तरी बरेच कळते. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात, पोळ्या, गोडधोड जनावरापुढे टाकले की दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कोणाला तरी बोलावणे येतेच. नळीने थोडा द्रव काढायचा. वास आंबूस, लिटमस लाल. सामू ५.५ च्या खाली गेलेला असतो. थेंब कोमट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एरवी झुंडीने पोहणारे आदिजीव निपचित पडलेले. मेथिलीन ब्ल्यूचे थोडे द्रावण मिसळायचे: निरोगी द्रव काही मिनिटांत निळा रंग घालवतो, आजारी द्रव निळाच राहतो. खर्च जवळपास शून्य. तरीही निरोगी जनावराच्या पोटातला द्रव काढून आजारी जनावराला पाजावा की नाही, हे ठरवायला एवढे पुरते.

जिवाणू वाढवून पाहण्याची खरी कला अमेरिकेच्या रॉबर्ट हंगेट यांची. वाळवीच्या पोटातले लाकूड पचवणारे जीव अभ्यासता अभ्यासता ते गाईकडे वळले आणि १९४० च्या दशकात त्यांनी फिरवलेल्या नळीची पद्धत बसवली. तापवलेल्या तांब्यावरून कार्बन डायऑक्साइड न्यायचा म्हणजे त्यातला उरलासुरला प्राणवायू तांबे खाऊन टाकते. त्या वायूच्या झोतातच अगार नळीत भरायचे, सिस्टीन घालायचे, बूच लावायचे आणि नळी गार पाण्यात आडवी फिरवायची. अगारचा पातळ थर आतून भिंतीला लागतो. अगारमध्ये मिसळलेले रेझाझुरिन हे रंगद्रव्य गुलाबी दिसले तर हवा शिरली, रंग उडाला तर काम जमले. अगारमध्ये बारीक दळलेले सेल्युलोज घातले असेल तर काही दिवसांनी धुरकट भिंतीवर स्वच्छ चकत्या उमटतात आणि प्रत्येक चकतीच्या मध्यावर तिची मालक वसाहत. बूच काढायला आणि लावायला हात बसावा लागतो. तो पुस्तक वाचून बसत नाही. हंगेट यांचे १९६६ चे पुस्तक वाचूनही नाही.

आता सिक्वेन्सिंग. १६ एस जनुकाचा तुकडा वाचून पोटात कोण कोण आहे याची यादी मिळते आणि त्यात न वाढवता आलेलेही सापडतात. हे मोठेच काम आहे, मीही ते करतो. पण ती यादी म्हणजे हजेरीपत्रक. कोण राबले आणि कोण नुसते बसून होते, ते त्यात नाही. शिवाय तिथे टक्केवारी मिळते, संख्या नाही: सगळे जिवाणू निम्म्याने घटले तरी टक्के तेच. जाड भिंतीच्या जिवाणूंना बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून फोडले नाही तर त्यांचा डीएनए बाहेरच येत नाही आणि यादीत ते कमी दिसतात. आदिजीव आणि बुरशी तर जिवाणूंच्या प्राइमरला दिसतच नाहीत. म्हणूनच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ५०१ जीनोमचा 'हंगेट १०००' संग्रह मला मोलाचा वाटतो, कारण तो वाढवलेल्या जिवांवर उभा आहे. नळीत वाढलेल्या जिवाला साखर, सेल्युलोज, विष काहीही देऊन विचारता येते, 'तू काय करतोस?'

या शास्त्रातला माझा सर्वांत आवडता शोध मात्र चरणाऱ्या जनावरांकडे पाहून लागला. सुबाभूळ आपल्याकडे उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंमुळे बांधाबांधावर पोचली. तिच्या पाल्यात मिमोसिन असते, त्यापासून पोटात तयार होणारे द्रव्य थायरॉइड बिघडवते. ऑस्ट्रेलियात गुरांचे केस गळत, गळा सुजे. हवाईत मात्र शेळ्या तोच पाला खाऊन धडधाकट. फरक शेळ्यांत नसून त्यांच्या पोटातल्या जिवांत असावा, असे रेमंड जोन्स यांनी मांडले. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जीव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि विषबाधा थांबली. आयोवातल्या मिल्टन ॲलिसन यांच्या गटाने तो जिवाणू वेगळा काढला आणि १९९२ मध्ये त्याला जोन्स यांचे नाव दिले: सिनर्जिस्टीस जोन्सी. याच ॲलिसन यांनी त्याआधी मेंढीच्या पोटातून ऑक्झलेट खाणारा जिवाणू मिळवला होता. उसाच्या पट्ट्यात वाढ्यांवर पोसलेल्या जनावरांच्या कॅल्शियमची काळजी करणाऱ्यांना ऑक्झलेट हा शब्द चांगलाच ठाऊक आहे.

आपल्याकडे मेंढपाळ आणि शेळ्या राखणारे रानोमाळ फिरतात. त्यांची जनावरे जे बिनधास्त खातात, ते खाऊन बाजारातून नवीन आणलेली शेळी आजारी पडते, असा एखादा पाला, शेंग, झुडूप तुमच्या भागात असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला कळवा. सोबत फांदी पाठवा, कोणत्या महिन्यात खाते ते लिहा आणि जमलेच तर त्या धडधाकट शेळीचा मालक गाठून द्या. थर्मास घेऊन यायला आम्ही तयार आहोत.