कडेवर कोण होतं?

पुतणीच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता आणि त्याला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे शोध आजोबा-पणजोबांपर्यंत जातोच. शाळेचा निर्गम उतारा, जुना सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल (गावात तिला अजून कोतवाल बुकच म्हणतात), असं एकेक गोळा करत गेलो. नोंदवहीची जुनी पानं मोडीत होती. साताऱ्यातल्या एका मोडी जाणकारांनी ती देवनागरीत उतरवून दिली. पणजोबा, आजोबा, वडील, भाऊ, पुतणी. सरळ उभी रेघ तयार झाली.

पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी आत्या आली होती. तिला तो कागद वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘समदे बापयेच. आमी काय भाड्यानं ऱ्हायलो व्हतो व्हय ह्या घरात?’’

कार्यालयाला वडिलांकडचीच बाजू लागते, हे तिला सांगून उपयोग नव्हता. दिवाळीला सगळे गावी जमले, तेव्हा पुतणीनंच चार्ट पेपर एकाला एक चिकटवून दुसरी वंशावळ मांडायला घेतली. हिच्यात लेकी, सुना, त्यांची माहेरं, दिल्या घरची गावं, सगळं घालायचं ठरलं.

पहिला दिवस वाया गेला. पोरांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि आत्याला म्हणाली, ‘‘आजी, जुन्या आठवणी सांग.’’ आत्या पदर सारखा करून बसली आणि सभेत बोलावं तसं, ‘‘लई गरिबी व्हती, पर माणसं चांगली व्हती,’’ एवढं बोलून थांबली. पुढं काही येईना. अमकी कोणत्या साली झाली विचारलं, तर ‘‘साल कुणाला ठावं’’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लसूण सोलत असताना पुतणीनं सहज विचारलं, ‘‘भूकंपाच्या वेळी तुझ्या कडेवर कोण होतं?’’ आत्या लगेच म्हणाली, ‘‘थोरली. आन् धाकटा पोटात.’’

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, पहाटेचा. आत्याचं सासर हेळवाकच्या बाजूला, म्हणजे कोयनानगरच्या अगदी जवळ. घराची माती अंगावर पडायला लागली तशी ती पोरीला उचलून बाहेर पळाली, आणि पुढं कितीतरी दिवस ते कुटुंब कडाक्याच्या थंडीत रानातच झोपत होतं. धाकट्याचं साल त्यावरून पक्कं झालं आणि थोरलीचंही जवळजवळ लागलं, कारण भूकंपात ती ‘‘नुकती चालाय लागल्याली’’.

मग आम्ही तीच रीत धरली. एका कोऱ्या वहीत डावीकडे गावाला माहीत असलेल्या गोष्टी लिहिल्या. पत्री सरकारची धामधूम, गांधीवध, धरणाचं काम, भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, 1982 चा गिरणी संप. उजवीकडे त्या वेळी घरात कोण होतं, कोण रांगत होतं, कुणाचं लग्न ठरलं होतं. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या दोन्ही चुलत्यांच्या बायका आत्याला नावानिशी आठवल्या. कामावर पोरांना सुकडी मिळायची, म्हणून त्या कुणाकुणाची पोरं बरोबर नेत, तेही आठवलं. पोरांची नावं आली तशी त्यांची वयं आली.

काही तारखा कागदानंही दिल्या. आमचे एक चुलत आजोबा लालबागला गिरणीत होते. ते मनीऑर्डर करायचे, आणि फॉर्मच्या खालचं कूपन आजीनं तारेत टोचून ठेवलेलं. कूपनावर दोन ओळींची जागा. तिच्यात पाठवणाऱ्यानं मावेल तेवढं लिहायचं. एका कूपनावर बारीक अक्षरात ‘मुलगी झाल्याचे समजले, धान्य कमी पडू देऊ नये’ एवढंच होतं. त्यावर टपालाचा शिक्का. माझ्या एका चुलत आत्याच्या जन्माचा घरात असलेला एकमेव पुरावा तोच.

कोतवाल बुकाची नक्कल आम्ही आत्याबरोबर पुन्हा वाचली. त्या नोंदींमध्ये बाळाचं नाव नाही. बापाचं नाव, जात, आणि पुढं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आजोबांच्या नावापुढं ‘मुलगी’ अशा दोन नोंदी होत्या. एक आत्याची. दुसरी कुणाची ते आम्हाला कुणालाच कळेना. आत्या म्हणाली, ‘‘माज्या आदीची. देवी आल्या त्यात गेली. नाव ठेवायच्या आतच.’’ तिला हे तिच्या आईनं सांगितलेलं, आणि तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पुतणीनं चार्टवर आत्याच्या वरच्या अंगाला एक चौकोन काढला आणि नोंदवहीत होतं तसंच ‘मुलगी’ लिहिलं.

चार्ट आता भिंतभर झाला आहे. दिल्या घरची गावं लिहिल्यामुळे त्या गावांतून फोन येतात. आमच्या आजीचं माहेरचं नाव चुकलंय, अमकीच्या दोन लेकी राहिल्यात. फोटोंच्या मागे पेन्सिलनं नावं घालण्याचं काम मुलांनी वाटून घेतलंय, आणि रेकॉर्डिंगच्या प्रत्येक फायलीला सांगणाऱ्याचं नाव व तारीख देतात. नुसतं ‘आत्या 4’ असं नाव दिलं, तर दहा वर्षांनी कुणाला काही कळायचं नाही.

वाद मात्र एकाच नोंदीवरून झाला. शाळेच्या दाखल्याप्रमाणे आमच्या घरातले जवळजवळ सगळे जुने पुरुष 1 जूनला जन्मलेले आहेत. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि तारीख 1 जून टाकायचे. थोरले चुलते, आप्पा, त्यातलेच: 1 जून 1941. आत्या म्हणाली, आप्पा गौरी जेवायच्या दिवशी झाला, आई दरवर्षी सांगायची. आजोबांच्या नावापुढं त्या वर्षाची ‘मुलगा’ अशी नोंद निघाली, तीही ऑगस्टअखेरची. पंचांगाशी ताडलं, तर त्या वर्षी गौरीही ऑगस्टअखेरच्याच. पोरं खूश. चार्टवरची तारीख खोडून नवी टाकायला निघाली.

आप्पांनी पेन काढून घेतलं. ‘‘माझी पेन्शन त्या तारखेवर चालू आहे,’’ म्हणाले. आता चार्टवर दोन्ही तारखा आहेत. पहिलीपुढं ‘सरकारी’ आणि दुसरीपुढं ‘आईनं सांगितलेली’. यंदा गौरीला पुरणपोळी झाली तेव्हा आत्यानं आप्पांच्या ताटात एक जास्तीची वाढली आणि आप्पांनी ती काही नको म्हटली नाही.