दुकानातला संगणक आणि दारातली गाडी

आमच्या अकोटच्या कापडदुकानात संगणक आला तो वडिलांच्या इच्छेविरुद्ध. रोजमेळ आणि खतावणी उभे आयुष्य लाल बांधणीच्या वह्यांत लिहिणाऱ्या माणसाला पडद्यावरचा हिशेब हा हिशेब वाटतच नसे. आज ते नाहीत, आणि दिवाळीच्या वहीपूजनाला आम्ही कोऱ्या वहीशेजारी संगणकालाही कुंकवाचे बोट लावतो. मुनीमजी टॅली शिकले ते साठीच्या उंबरठ्यावर. शिकले उत्तम, पण एका भीतीसह. एकदा भर दुपारी वीज गेली, हिशेबाची फाइल बिघडली आणि तीन दिवसांच्या पावत्या पुन्हा चढवाव्या लागल्या. पुढे इन्व्हर्टर घेतला, तरी बंद केलेला संगणक पुन्हा सुरू होईलच यावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. तेव्हापासून तो अहोरात्र चालू राहू लागला. कोणाला काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

गेल्या पर्युषणात सायंकाळचे प्रतिक्रमण आटोपून आईला घेऊन दुकानावरून घरी येत होतो. शटरच्या फटीतून निळसर उजेड दिसला. आई थबकली.

“दुकानात कोणी आहे का रे?”

“नाही आई, संगणक चालू आहे.”

“मग तो कोणासाठी चालू आहे?”

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरूनच त्याची योग्यता कळावी.

आईने श्रावकाची बारा व्रते घेतली आहेत. त्यांतले आठवे अनर्थदंडविरमण. संसारासाठी, व्यापारासाठी जी हिंसा टाळता येत नाही ती अर्थदंड. जिच्यातून कोणाचेच काही साधत नाही ती अनर्थदंड. तिच्या प्रकारांत प्रमादाचरित हा एक आहे, म्हणजे निव्वळ बेफिकिरीने घडणारे आचरण. उघडे ठेवलेले तेलातुपाचे भांडे, वाहता सोडलेला नळ ही उदाहरणे लहानपणापासून ऐकत आलो होतो. वीज सचित्त तेउकाय की अचित्त, यावर आपल्या संप्रदायांत मतभेद आहेत, आणि त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्याच जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या पारस येथे, 250 मेगावॉटचे दोन संच दगडी कोळशावर चालतात. तो कोळसा आणि त्याचा धूर यांविषयी तरी मतभेद नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात चिरंजिवांनी विजेवर चालणाऱ्या मोटारीचा विषय काढला. हा विषय आमच्या भागाला अगदीच नवा नाही. 2017 च्या मे महिन्यात नागपुरात विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आम्ही तो कुतूहलाने पाहिला होता. चार्जिंगसाठी चालक ताटकळत असल्याच्या बातम्या पुढे आल्या, तेव्हा माझ्यासारख्यांनी माना डोलावल्या होत्या. आता गाड्यांचा पल्लाही वाढला आहे आणि अकोट-अकोला रस्त्यावर अशी मोटार दिसली तर कोणी वळून पाहत नाही. मुलाचे म्हणणे साधे होते. “पप्पा, आपण पाणी गाळून पितो आणि डिझेलचा धूर सोडत फिरतो, हे कसे?”

व्यापाऱ्याने उत्तर आकड्यांत द्यावे. मी कागद घेतला. विजेची मध्यम मोटार शंभर किलोमीटरला साधारण 15 युनिट घेते. आपल्या देशातील वीज मुख्यतः कोळशाची, म्हणून एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. तारांतली गळती मिळवली तर शंभर किलोमीटरला बारा किलोपर्यंत जातो. आमची डिझेल गाडी लिटरला अठरा किलोमीटर देते. तिचा हिशेब पंधरा किलोच्या घरात येतो. म्हणजे नवी गाडी बरी खरीच, पण ‘धूर नाही’ हे काही खरे नाही. धूर अकोटात नाही, पारसला आहे. छतावर सौर पत्रे बसवले आणि गाडी दिवसा घरी उभी राहिली, तर गणित निराळे. आमची गाडी मात्र दिवसा दुकानापुढे उभी असते.

मग त्याच कागदावर दुसरा हिशेब मांडला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर आणून लावला. संगणक, पडदा आणि प्रिंटर मिळून 75 वॅट. रात्री साडेआठ ते सकाळी साडेनऊ, तेरा तास. एका रात्रीला जवळजवळ एक युनिट. वर्षाला सुमारे 355. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर 2300 किलोमीटर! येथून अकोला 45 किलोमीटर. म्हणजे वर्षाकाठी पंचवीस वेळा आमचा संगणक रात्रीच्या अंधारात एकटाच अकोल्याला जाऊन परत येत होता. मी कागद मुलापुढे सरकवला. तो बराच वेळ हसला. मग हसायचा थांबला.

लॅपटॉपने आणखी एक धडा दिला. मुलाचा लॅपटॉप गल्ल्याशेजारी दिवसभर चार्जरला जोडलेला असे. मे महिन्यात, अकोल्याचा पारा 45 च्या वर असताना, तो कळपट्टीपाशी फुगला. दुरुस्तीवाल्याने सांगितले की लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेले राहणे. मोटारीतल्या बॅटरीला थंड ठेवण्याची व्यवस्था असते, आणि हल्ली आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेटची रचना येते. ती उष्णता अधिक सोसते आणि तिला कोबाल्ट लागत नाही. तरी लिथियम जमिनीतूनच काढावे लागते. पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा धंदा, ‘फोडीकम्मे’, सांगितला आहे. गाड्या बनवणे-विकणे हे ‘साडीकम्मे’ही त्याच यादीत आहे. खरेदीदारावर दोष किती येतो, हे महाराजसाहेबांना विचारावे असे मनात आहे. अजून धीर झालेला नाही.

अडचण खरी निघाली ती वेगळ्याच ठिकाणी. मुलाला नवी गाडी हवी होती आणि जुनीही ठेवायची होती. गावात आणि अकोल्याला विजेची, नागपूरच्या अडीचशे किलोमीटरला डिझेलची. व्यवहाराला हे पटण्यासारखे आहे. परंतु सहा वर्षांपूर्वी मी परिग्रह-परिमाण घेतले, त्या छोट्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे : चारचाकी वाहन — एक. दुसरी गाडी हरित असली तर ती मोजायची नाही, अशी सवलत तिथे लिहिलेली नाही. मुलगा म्हणाला, “माझ्या नावावर घेऊ.” क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. एका छपराखाली, एका गल्ल्याच्या पैशात, नावे बदलून मर्यादा पाळल्याचा हिशेब टॅलीत बसेल. त्या वहीत बसणार नाही.

आई हे सारे ऐकत माळ फिरवीत होती. म्हणाली, “अकोल्याला तर आता पुन्हा आगगाडी जाते ना?” जाते. 2017 पासून बंद असलेली ती 2022 च्या नोव्हेंबरात रुंद रुळांवर धावू लागली. आमच्यापैकी कोणी अजून तिच्यात बसलेले नाही.

डिझेल गाडीला गिऱ्हाईक पाहणे सुरू आहे. नागपूरच्या वाटेवर चार्जिंग कुठे कुठे आहे याची यादी मुलगा करतो आहे. मुनीमजींना मी स्वतः शेजारी बसून रोज रात्री हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक बंद करायला शिकवले. पहिले आठ दिवस ते घरी जाऊन मला फोन करीत : “भाऊ, बंद केला. सकाळी चालू होईल ना?”

सकाळी मी त्यांच्याआधी दुकानात जात असे.