सातवी जागा



कुंभोजच्या बाहुबलीला निघालो की सासूबाई म्हणायच्या, "मी राहते घरी." माणसं सात, गाडी पाच जणांची. म्हणून जुनी अर्टिगा बघायला लागलो. बजेट साडेपाच लाख.

मी वही घेतली. पहिलीच्या किमतीत टायर, विमा, नावबदलाचा खर्च मिळवला, तर स्वस्त गाडी महाग निघाली. दुसरीच्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच. तिसरी पसंत पडली, तरी आधी सासूबाईंना बसवून पाहिलं. मागच्या रांगेत गुडघे वाकेनात. मधल्या रांगेत सहज बसल्या. सीट कव्हर चामड्याचं नको, कापडीच घेतलं.

पहिली फेरी बाहुबलीची. मागे मी नातवाजवळ, पाय आखडून. सूर्यास्ताआधी जेवायला घरी.

आता त्याच विचारतात, "परत कधी जायचं गं?"