पडद्यावरून सरकून गेलेल्या ओळी

लिनक्स सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जातात ना, त्या कोणी वाचत नाही. (आजकाल 'क्वायट' लावून त्या लपवलेल्याच असतात म्हणा!) पण कधीतरी त्यातलीच एक ओळ हवी असते, आणि नेमकी तीच सापडत नाही.

आईच्या घरच्या जुन्या पीसीत दुसऱ्या डिस्कवर आम्हा सगळ्यांचे फोटो आहेत, आजीच्या शेवटच्या दिवाळीचेसुद्धा. मध्यंतरी ती डिस्क अधूनमधून दिसेनाशी व्हायला लागली. आईचा फोन यायचा, "बंद करून परत चालू केला, आता दिसतायत." मी इथून लॉगिन करून बघावं तर सगळं आलबेल. आदल्या बूटचा मागमूस नाही! दादाचं मत, डिस्क गेली, नवी आणू.

गंमत अशी की कर्नल जागा होतो तेव्हा लिहायला डिस्क जोडलेलीच नसते. म्हणून तो आपली बडबड मेमरीतल्या एका ठरावीक जागेत लिहितो, आणि ती भरली की जुन्या ओळींवरच नव्या. 'डीमेसेज' दाखवतो ते हेच. पुढे 'जर्नलडी' या ओळी उचलतो, पण '/व्हार/लॉग/जर्नल' हा फोल्डर नसेल तर तोही आपली वही '/रन'मध्ये, म्हणजे रॅममध्येच ठेवतो. पीसी बंद, पाटी कोरी. डेबियनने २०२१ च्या ११ व्या आवृत्तीपासून तो फोल्डर आपणहून द्यायला सुरुवात केली. या पीसीवर तो नव्हता, आणि जुन्या पद्धतीचा सिसलॉगही नव्हता.

फोल्डर बनवला, जर्नलडी परत सुरू केला. आईला एवढंच सांगितलं, "पुन्हा असं झालं तर लगेच बटण दाबू नकोस. आधी चहा टाक." जर्नलडी साध्या चुका डिस्कवर पक्क्या करतो त्या दर पाच मिनिटांनी, म्हणून.

नवव्या दिवशी फोन आला. चहा झाला होता. 'जर्नलसीटीएल -के -बी -१' म्हटलं आणि आदलं बूट समोर हजर! त्यात ओळीमागून ओळ 'आयसीआरसी'. डिस्कचा पृष्ठभाग खराब असता तर 'यूएनसी' दिसलं असतं. आयसीआरसी म्हणजे माहिती डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेत बिघडतेय. पहिला संशय केबलवर.

फोटोंची एक प्रत आधी काढून घेतली (ती कुठल्याही परिस्थितीत काढाच). मग दादाने केबल बदलली. त्यानंतर तीन आठवडे रोज लॉग बघतोय, आयसीआरसी एकदाही नाही. दादा अजून म्हणतो, नवी डिस्क घेऊन ठेवू.